आईबापांवरचा ठपका आणि शाळेचा दर्जा
(बुद्धविहारातील पालक सभेत दिलेले भाषण)



आपली मुले शाळेत मागे का पडतात, असे विचारले की एक उत्तर तयार असते: या वस्तीतील आईबापांनाच शिक्षणाची आस्था नाही. आज येथे आईबापच जमले आहेत. तेव्हा या आरोपाची शहानिशा तुमच्यासमोरच व्हावी, हे योग्य होय.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. त्या भाषणात त्यांचा रोख सरकारच्या शिक्षणखर्चावर होता. पुढे १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के होती, तर बौद्धांची ७२.७ टक्के, आणि या बौद्धांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश महाराष्ट्रातील. स्वतः अंगठा उठविणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या आईबापांनी ही पिढी शाळेत धाडली. त्यांना आस्था नव्हती, असे कोण म्हणेल?

परंतु साक्षरता म्हणजे विद्या नव्हे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. पाच वर्षे वर्गात बसून ही गत! जे शाळेत शिकविले जात नाही, ते पैसेवाला बाप शिकवणी लावून विकत घेतो. गरिबाच्या मुलाला शाळेवाचून दुसरा आधार नाही. म्हणून शाळेचा दर्जा घसरला की पहिला बळी त्याचाच पडतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले कुटुंब उन्हाळ्यात परतते. त्या मुलाचे अर्धे वर्ष फडात जाते. याला आईबापांची अनास्था म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

दारिद्र्याहून सूक्ष्म असा आणखी एक घाव आहे. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडविण्यास दिली. जात उच्चारली नाही तेव्हा सवर्ण व दलित मुलांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. जात सर्वांसमक्ष पुकारताच दलित मुलांची कामगिरी घसरली. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. बुद्धी तीच, मूल तेच. बदलली ती त्याच्याकडे पाहणारी नजर. ‘यांना एवढे पुरे’ म्हणून सोपा धडा देणारा शिक्षक दया करीत नाही. तो मुलाचे भवितव्य कापतो. आपल्याला कमी मापाची शाळा नको. माप तेच हवे, आणि त्या मापापर्यंत पोहोचण्याची शिडीही हवी.

आता दोन शब्द आपल्याविषयी. कर्ज काढून लग्नात बॅण्ड लावणारा बाप वहीसाठी हात आखडता घेत असेल, तर त्याचा बचाव मी करणार नाही. संविधानाच्या ५१-क कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले आहे. परंतु कर्तव्याबरोबर अधिकारही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असावे. मुलाची हजेरी व प्रगती पालकांना सांगणे हे शिक्षकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. असे असता आपल्यापैकी किती जणांनी त्या समितीच्या सभेत तोंड उघडले आहे? कोऱ्या इतिवृत्तावर सही करणारी आई आपला हक्क आपल्याच हाताने गमावते.

म्हणून तीन गोष्टी करा. समितीत जा आणि माझ्या मुलाला वाचता येते काय, एवढा एकच प्रश्न दर महिन्याला विचारा. स्थलांतर करणाऱ्याचे मूल गावातच राहील, अशी सोय वस्तीने मिळून करा. आणि या विहारात वंदनेनंतर रोज एक तास दिवा मुलांच्या अभ्यासासाठी जळू द्या. आपल्यातील शिकलेल्यांनी तेथे बसावे. ज्याला वाचता येत नाही अशा बापानेही मुलाजवळ बसावे, कारण त्याचे बसणे हाच मुलाला मोठा आधार आहे.

प्रज्ञेचा मार्ग पत्करलेल्या समाजाचे मूल अर्धवट शिकून परत येणे, ही आपल्या धम्माचीच हानी होय. ती यापुढे होऊ देऊ नका.

जय भीम!