आजोबांचा कट्टा

आजचा भाग बाकड्यांवर आहे. हो, बसायच्या बाकड्यांवर. हसू नका, ऐका.

माझे आजोबा 81 वर्षांचे आहेत. अख्खं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं, नागनाथ पाराजवळच्या वाड्यात. वाडा रीडेव्हलपमेंटला गेला आणि आजी-आजोबा आमच्याकडे बाणेरला आले, अकराव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, क्लब हाउस आहे, गॅलरीतून टेकडी दिसते. पहिला महिना आजोबा खूश होते. मग हळूहळू त्यांचं खाली जाणंच बंद झालं.

मी म्हटलं, "आजोबा, खाली एवढी बाग आहे, जरा जाऊन बसा की."

"अरे, ती बघायची बाग आहे. बसायची नाही."

मला वाटलं, म्हातारपणाची कुरकुर. पण शनिवारी खाली गेलो आणि मुद्दाम तासभर बसून बघितलं. दगडी बाकडी, ना पाठ ना हात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना हातांनी रेटा द्यायला काहीतरी लागतं, ते नाहीच. सगळी बाकडी एका रांगेत, तोंड कारंज्याकडे. ज्यांना कमी ऐकू येतं अशी चार माणसं एका रांगेत बसली, तर पहिल्याचं चौथ्याला काय कळणार? संध्याकाळी पाचला ऊन थेट डोळ्यांवर. आणि टॉयलेट क्लब हाउसमध्ये, ॲक्सेस कार्ड लावून. आजोबांना दर पाऊण तासाने जावं लागतं. या विषयावर कुणी बोलत नाही, पण निम्मे आजोबा याच एका कारणासाठी घरात बसतात असं माझं मत झालंय.

नियम काय सांगतो? चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा भूखंड असेल तर ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडायची. म्हणजे जागा मोजली जाते. तिथे कुणी बसतं का, हे कोण मोजणार?

आता पेठेतली गोष्ट. आजोबांचा कट्टा म्हणजे एका देवळाबाहेरचा दगडी ओटा. सातआठ जण, रोज संध्याकाळी. विषय तेच, पेन्शन, शुगर आणि महापालिका. मागच्या डिसेंबरात त्यातले एक काका गेले. आजोबांना कळलं तेराव्यानंतर. ते रडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "तिथे असतो तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं."

कारण कट्ट्याचा न लिहिलेला नियम होता. एखादा दोन दिवस दिसला नाही की कुणीतरी त्याच्या घरी जाऊन बघायचं. आम्ही सर्व्हरसाठी हेच करतो. सर्व्हर ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असा सिग्नल पाठवतो, त्याला हार्टबीट म्हणतात. तो चुकला की अलर्ट. बीटेक करून मी हे शिकलो, आणि देवळाच्या ओट्यावर ते आधीपासून चालू होतं.

सार्वजनिक बागांचं बघा. कमला नेहरू पार्क, संभाजी उद्यान, सारसबाग, सकाळी ज्येष्ठांची किती गर्दी असते! हास्यक्लब, प्राणायाम, सगळं. पण शहरातल्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. मे महिन्यात ठीक आहे. पण डिसेंबर-जानेवारीत अकरा ते चार हीच ऊन खात बसायची वेळ, आणि घरात कुणीच नसायची वेळही तीच. त्या मानाने जंगली महाराज रस्त्याचा नवा फुटपाथ मला आवडतो. रुंद आहे, झाडाखाली बसायला जागा आहे, आणि मुख्य म्हणजे गेट नाही. अर्थात तिथवर पोचायला हवं. फुटपाथची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आमच्याकडे काही फुटपाथ चढायला घाटाच्या पायरीसारखे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांसाठी मार्गदर्शिका काढली. 33 शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून केली होती, भारतातून दिल्ली आणि उदयपूर. त्यातही बसायची जागा, टॉयलेट, नीट फुटपाथ हेच मुद्दे आहेत. पुण्यात विचारलं असतं तर उत्तर पाटीवर लिहून मिळालं असतं. म्हणजे 'येथे बसू नये' या पाटीशेजारी.

मग मी काय केलं? अर्थात ॲप. सोसायटीतल्या ज्येष्ठांनी एकमेकांना शोधावं म्हणून. दोन वीकेंड घालवले. युजर तीन, त्यात मी आणि आई. तिसऱ्यांना ओटीपी आला नाही.

शेवटी आजीच म्हणाली, "खुर्च्या मांड आधी." क्लब हाउसच्या स्टोअरमधून हातवाल्या सहा प्लास्टिकच्या खुर्च्या काढल्या आणि गेटजवळ कडुनिंबाखाली गोल मांडल्या. गेटजवळ का? कारण तिथे स्कूल बस येते, कुरियरवाला येतो, भांडणं होतात. कारंज्याकडे माणूस किती वेळ बघणार?

तीन दिवसांत खुर्च्या गायब. कमिटीचं म्हणणं, एन्ट्रन्सचा लुक जातो. मी ग्रुपवर चिडून लांबलचक मेसेज टाकला, त्याला दोन अंगठे मिळाले. आजी मात्र आणखी दोन आज्यांना घेऊन थेट मीटिंगला गेली आणि म्हणाली, "आम्ही दिसतो म्हणून लुक जातो का?" खुर्च्या परत आल्या. चार ते सात, एवढीच परवानगी. टॉयलेटचं कार्ड आता वॉचमनकाकांकडे असतं.

आज सात जण येतात. एक रिटायर्ड बँकवाले काका, लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या हैदराबादच्या तेलुगू आजी. त्यांना मराठी येत नाही, आजोबांना तेलुगू येत नाही, तरी तास-तास गप्पा चालतात. कुठल्या भाषेत, देव जाणे.

मागच्या आठवड्यात आजोबांना ताप होता, दोन दिवस खाली गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी साडेपाचला बेल वाजली. दारात तेलुगू आजी आणि बँकवाले काका. आजोबा आतून ओरडले, "माझी खुर्ची कुणी घेतली नाही ना?"

पावसाळ्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. स्टिल्टमध्ये सगळ्या गाड्या आहेत, आणि एक पार्किंग सोडा म्हटलं की माणसं कशी बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या सोसायटीत कुणी यावर काही जमवलं असेल तर मला नक्की कळवा. जूनच्या आत.