सेवेचे शिक्षण
(नागपूर येथे धम्मबांधवांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



मुलगा "डॉक्टर होणार", "वकील होणार" असे म्हणाला की आपल्या घरांतून आई-बापांचा चेहरा उजळतो. परंतु मुलगी जर म्हणाली, "मी समाजकार्याचे शिक्षण घेणार", तर घरातील वडीलधारी माणसे विचारतात, "त्यात शिकायचे काय असते? वस्तीत कोणी आजारी पडले तर आपण धावतोच की!" या समजुतीविषयी मला आज बोलावयाचे आहे.

अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात लोळत होता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले आणि आनंदाने त्या भिक्खूला धुतले. विनयपिटकाच्या महावग्गातील ही कथा आपल्या विहारांतून नेहमी सांगितली जाते. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच कोणी सांगतो. आजाऱ्याची शुश्रूषा करण्यास योग्य कोण, याची पाच लक्षणे तेथेच दिलेली आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. काय पथ्याचे आणि काय अपथ्याचे, हे त्याला कळले पाहिजे. त्याने लाभासाठी नव्हे, तर मैत्रीभावाने सेवा केली पाहिजे. मलमूत्र, थुंकी, वांती यांची त्याला किळस वाटता कामा नये. आणि धम्मकथेने आजाऱ्याला धीर देण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी असले पाहिजे. हा क्रम लक्षात घ्या. मैत्री तिसरी आली आहे. कौशल्य आणि ज्ञान तिच्या आधी!

बाबासाहेबांनी 1932 साली ठक्करबाप्पांना पत्र लिहिले. अस्पृश्यतानिवारणासाठी स्थापन झालेल्या संघाने काय करावे, हे त्यात त्यांनी मांडले होते. संघाचे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्यावेत, कारण हे काम ते आपलेपणाने करतील, असा त्यांचा आग्रह होता. हा विचार आजही तितकाच खरा आहे. परंतु आपलेपणा आहे म्हणून पात्रता आपोआप येते, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. जाईबाई चौधरी यांनी 1922 साली नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली, ती स्वतः शिकून, शिक्षिकेचे काम करून मगच.

या शिक्षणाची संस्था आपल्या देशात प्रथम मुंबईस 1936 साली निघाली. टाटांच्या नावाने ती आज सर्वश्रुत आहे. नागपुरात 1921 साली कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ सुरू केला आणि पुढे त्याच संघाने समाजकार्याच्या शिक्षणाची संस्थाही चालविली. अशा संस्थांतून वर्गातील अभ्यासाबरोबर प्रत्यक्ष वस्तीतील काम करावे लागते. केलेल्या कामाची नोंद लिहून ती शिक्षकांपुढे ठेवावी लागते व चुका ऐकून घ्याव्या लागतात. त्या ऐकून घेणे सोपे नसते, हे मी अनुभवाने सांगतो.

आता यात पणाला काय लागते ते पाहा. 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे निराधार आढळलेले मूल 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्या मुलाच्या घराची चौकशी समिती करविते आणि ती 15 दिवसांत पुरी व्हावी अशी अपेक्षा असते. ही चौकशी बहुधा एखादा समाजकार्यकर्ताच करतो. त्याच्या दोन पानांच्या अहवालावर मूल आईकडे परत जावयाचे की संस्थेत राहावयाचे, हे पुष्कळ अंशी ठरते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे तोच कायदा सांगतो.

अशी एक चौकशी मी पाहिली आहे. एका विधवेचा मुलगा रेल्वे स्थानकावर सापडला होता. चौकशीस आलेले गृहस्थ दारातच उभे राहिले. पाणी पुढे केले, ते त्यांनी घेतले नाही. "खोली लहान, आई दिवसभर बाहेर", एवढे लिहून ते निघून गेले. शेजारची आजी त्या मुलाला रोज जेवू घालीत असे. तिला त्यांनी एक अक्षरही विचारले नाही. धर्माच्या रकान्यात आईने "बौद्ध" सांगितले असता त्यांनी "हिंदू" लिहिले. मुलगा आठ महिने संस्थेत राहिला.

त्या गृहस्थांच्या जागी आपला माणूस असता, तर तो आत जाऊन बसला असता, पाणी प्याला असता. हे निश्चित. पण आजीची साक्ष अहवालात कशी घ्यावी, विस्तारित कुटुंबाचा आधार कायद्याच्या भाषेत कसा मांडावा, हे त्याला ठाऊक नसते, तर मूल तेथेच राहिले असते. उलटही घडते. आपलाच एखादा तरुण, कळवळ्याच्या भरात, मुलाला घरी नेऊन ठेवतो आणि समितीला कळवितच नाही. हेतू शुद्ध असला तरी ते मुलाच्या हिताचे नाही आणि कायद्यासही धरून नाही.

पगार फार नाही, नेमणुका पुष्कळदा कंत्राटी असतात, हे मी लपवीत नाही. आई-बापांची काळजी मला समजते. पण धर्माच्या रकान्यात काय लिहिले जाते, हे जोवर दुसऱ्याच्याच लेखणीवर अवलंबून आहे, तोवर ही जागा आपण मोकळी सोडावी काय?

प्रवेशासाठी राखीव जागांवर आपल्या मुलांचा हक्क आहे. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीतही स्थान मिळाले. तेव्हा जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या दिवसांत कचेरीत फार खेटे घालावे लागतात. ज्या मुलामुलींना चौकशी करावयाची असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. आईलाही बरोबर घेऊन बसावे.

जयभीम.