दत्तक कुटुंबे आणि उद्याचे डॉक्टर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैद्यकीय शिक्षण हा डॉक्टरमंडळींचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी समजूत राजकीय कार्यकर्त्यांमध्येही रूढ आहे. जमीन, वेतन, भाववाढ, रेशन हे आपले प्रश्न. डॉक्टर कसा घडवावा हे त्या क्षेत्रातील जाणकारांनी पाहावे, अशी ही श्रमविभागणी आहे. वस्तुतः डॉक्टर कोठे शिकतो आणि कोणाच्या घरात शिकतो, यावरून तो पुढे कोणाच्या उपयोगी पडणार हे बव्हंशी ठरते. म्हणून विद्यार्थिदशेतच गावातील कुटुंबे सोपवून देण्याचा जो उपक्रम आज देशभर चालू आहे, त्याचा विचार अर्थकारणाच्या आणि समाजकारणाच्या अंगाने करणे अगत्याचे आहे.

ही कल्पना नवी नाही. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात उद्याचा डॉक्टर हा केवळ औषध देणारा नसून सामाजिक वैद्य असावा, असे सांगितले आणि त्यासाठी रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण सुचवले. १९७५ साली श्रीवास्तव समितीने पुन्हा तीच चिंता व्यक्त केली. त्यानंतर १९७७ साली वैद्यकीय महाविद्यालयांना प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडून देण्याची योजना आली. विद्यार्थी गाडीतून खेड्यात जाऊ लागले. पण बहुतेक ठिकाणी ते सायंकाळच्या आत त्याच गाडीतून परतही येऊ लागले. गाव हे शिक्षणाचे स्थान न होता सहलीचे स्थान झाले. त्याचे कारण विद्यार्थ्यांच्या आळसात शोधणे सोपे असले तरी योग्य नाही. परीक्षा रुग्णालयातील खाटेवर होणार, गुण दुर्मीळ रोगाच्या निदानाला मिळणार आणि प्रतिष्ठा व प्राप्ती अतिविशेषज्ञाच्या वाट्याला येणार, अशी सारी रचना असताना खेड्यातील ओसरीवर बसून माहिती घेण्यात कोणता विद्यार्थी मन घालील?

तथापि हे काम मनापासून झाले तर काय घडू शकते, याची उदाहरणे इतिहासात आहेत. १९४० साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात फोलेला येथे सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने एक आरोग्य केंद्र सुरू केले. दारात आलेला रुग्ण तपासून त्यांनी समाधान मानले नाही. केंद्राच्या आसपासच्या घरांची त्यांनी घरवार नोंद केली. कोण काय खाते, पाणी कोठून येते, कमावता पुरुष खाणीवर किती महिने असतो, हे सारे त्या नोंदीत आले. त्यातून रोगाची मुळे दिसली आणि उपचाराबरोबर परसबाग व पाणी यांचाही विचार सुरू झाला. पुढे वंशभेदी राजवटीने हे काम मोडून काढले; कल्पना मात्र मोडली नाही.

१९५७ साली जॅक गायगर नावाचा एक अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी तेथे काही महिने शिकण्यासाठी गेला होता. आपल्या देशातील दारिद्र्याकडे पाहण्याची दृष्टी त्याला आफ्रिकेतील त्या खेड्याने दिली. १९६५ साली बोस्टनमधील कोलंबिया पॉइंट या वस्तीत आणि त्यानंतर मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सामुदायिक आरोग्य केंद्रे उभारली. माउंड बायूमध्ये मुले कुपोषणाने खंगत होती, म्हणून तेथील डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर अन्नधान्य लिहून देऊ लागले आणि त्याचा खर्च केंद्राच्या औषधखात्यात टाकू लागले. सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा कुपोषणावरचे औषध अन्न हेच होय, असे उत्तर त्यांना मिळाले. पुढे तेथील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांनी भाजीपाला पिकवण्यासाठी सहकारी शेती सुरू केली. आज अमेरिकेत अशा केंद्रांतून तीन कोटींहून अधिक लोक उपचार घेतात. एका विद्यार्थ्याच्या काही महिन्यांच्या शिक्षणाने एवढे सारे केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. नागरी हक्कांची चळवळ आणि गरिबीविरोधी सरकारी कार्यक्रम यांचे पाठबळ त्यामागे होते. परंतु शिक्षण आणि चळवळ एकत्र आल्यावर काय होते, याचे ते प्रत्यंतर आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण सेवाग्रामचे आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नय्यर यांनी तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. नवा विद्यार्थी प्रथम पंधरवडाभर आश्रमात राहतो. नंतर त्याची तुकडी एका खेड्यात शिबिरासाठी मुक्कामाला जाते, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि पुढची काही वर्षे त्याने त्याच कुटुंबांकडे नियमाने जायचे असते. यातील महत्त्वाचा शब्द ‘त्याच’ हा आहे. पहिल्या भेटीत घरातील बाई दुखणे सांगत नाही. ती नोंदवहीकडे संशयाने पाहते. पाचव्या-सहाव्या भेटीत ती सुनेचा रक्तक्षय सांगते, नवऱ्याची दारू सांगते, सावकाराचे देणे सांगते. रुग्णालयातील खाटेवर जो रोग एकटा दिसतो, तो घरात आपल्या साऱ्या गोतावळ्यासह दिसतो. कुटुंबवैद्यकाचा सारा अभ्यासक्रम या फरकात सामावलेला आहे.

सेवाग्रामच्या परिसरात १९८०च्या आसपास ज्वारीच्या विम्याचा जो प्रयोग झाला, तो तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावा असा आहे. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, म्हणजे जमीनवाल्याने अधिक आणि मजुराने कमी. आणि उपचार मात्र गरजेप्रमाणे घ्यायचा. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच योजना लागू व्हायची, त्यामुळे शेजाऱ्याचे आरोग्य ही प्रत्येकाची आस्था बनली. ऐपतीप्रमाणे देणे आणि गरजेप्रमाणे घेणे हे समाजवादाचे जुने सूत्र पुस्तकातून निघून कणगीपर्यंत पोचले ते असे.

आता वर्तमानाकडे वळू. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक उपक्रम पदवी अभ्यासक्रमाचा भाग केला. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याकडे तीन ते पाच कुटुंबे द्यायची आणि त्याने त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. देशात दरवर्षी एक लाखाहून अधिक विद्यार्थी या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात. प्रत्येकाने तीनच कुटुंबे घेतली असे धरले तरी वर्षाला तीन लाख, आणि तीन वर्षांच्या तुकड्या एकाच वेळी काम करीत असल्यास नऊ लाख कुटुंबांच्या उंबरठ्यावर उद्याचे डॉक्टर नियमाने जाऊ शकतात. कागदावर ही शक्ती लहान नाही.

या शक्तीने करावयाचे काम कोणते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. रक्तदाब व मधुमेह हे आता केवळ सुखवस्तूंचे रोग उरलेले नाहीत. क्षयरोगाला किमान सहा महिने नेमाने औषध लागते. या दुखण्यांना मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा सातत्य अधिक लागते, आणि सातत्य हीच गरिबाला सर्वांत महाग पडणारी वस्तू आहे. समजा, रक्तदाबाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण ती आणण्यासाठी शेतमजूर बाईला महिन्यातून एकदा तालुक्याला जावे लागते. रोज तीनशे रुपये आणि एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे शंभर रुपये धरले, तर एका खेपेला चारशे आणि वर्षाला चार हजार आठशे रुपये होतात. फुकट गोळीची ही किंमत कोणत्याही सरकारी हिशेबात येत नाही. बाईने गोळी सोडली की तिला अडाणी म्हणणे सोपे जाते. वास्तविक तिचा हिशेब चोख असतो. हा हिशेब विद्यार्थ्याने तिच्या घरी बसून मांडला आणि उपकेंद्रातच महिन्याची औषधे मिळण्याची व्यवस्था लावून घेतली, तर त्याचा प्रकल्प खऱ्या अर्थाने सफल झाला. नुसता रक्तदाब मोजून आकडा लिहिला, तर प्रकल्प महाविद्यालयाचा झाला, कुटुंबाचा झाला नाही.

वेल्समधील ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट या समाजवादी डॉक्टरने हेच दाखवून दिले. सुमारे दोन हजार वस्तीच्या त्या गावात आपल्या यादीतील प्रत्येक माणसाचा रक्तदाब त्याने पाहिला आणि पंचवीस वर्षे त्याचा पाठपुरावा केला. त्या गावातील अकाली मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या तशाच गावापेक्षा पुष्कळ खाली आले. त्याच हार्टने १९७१ साली वैद्यकसेवेचा एक व्यस्त नियम मांडला: चांगल्या सेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या उलट प्रमाणात असते, आणि बाजाराचे राज्य जितके अधिक, तितका हा नियम अधिक लागू पडतो. भारतात या नियमाला पुरावा शोधावा लागत नाही.

म्हणूनच या उपक्रमातील धोक्यांकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. पहिला धोका शब्दातच आहे. दत्तक मूल घेतले जाते. कुटुंब दत्तक घेण्याची भाषा उपकाराची आहे. वास्तविक उपकार उलट दिशेने होतो, कारण गरीब कुटुंब आपले खाजगी जीवन उघडे करून डॉक्टरला शिकवते. त्याच्या नोंदी गुप्त राहिल्या पाहिजेत आणि नकार देण्याचा त्याचा अधिकार अबाधित राहिला पाहिजे.

दुसरा धोका असा की, शिकाऊ विद्यार्थ्यांच्या फुकट श्रमावर सरकारने आपली जबाबदारी ढकलावी. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या प्रयोगात गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गावात कायम राहणारी स्त्री जे करू शकते, ते येऊनजाऊन असणारा विद्यार्थी करू शकत नाही. तेव्हा विद्यार्थी आला म्हणून आशा कार्यकर्तीचे मानधन अडवणे, किंवा परिचारिकेची जागा रिकामी ठेवणे, हा सरळसरळ अन्याय होय.

तिसरा धोका खाजगी महाविद्यालयांचा. जेथे रिकाम्या खाटा भरून दाखवायच्या असतात, तेथे दत्तक गाव हे रुग्ण गोळा करण्याचे क्षेत्र बनण्यास वेळ लागत नाही. शिवाय लाखो रुपये शुल्क भरून, बहुधा कर्ज काढून, पदवी घेणाऱ्या तरुणाला खेड्यातील तीन कुटुंबांनी कितीही हेलावले, तरी त्याची पुढची वाट कर्जाचा हप्ता ठरवतो. कुटुंबवैद्यकात पदव्युत्तर शिक्षणाच्या जागा अत्यल्प, बहुसंख्य महाविद्यालयांत त्याचा स्वतंत्र विभाग नाही, आणि सरकारी सेवेत त्या तज्ज्ञाला बढतीची वाट नाही, अशा स्थितीत विद्यार्थ्याने हृदयरोगतज्ज्ञ होण्याचे स्वप्न पाहिले तर दोष कोणाचा? प्रश्न हृदयपरिवर्तनाचा जितका आहे, तितकाच अर्थरचनेचा आहे.

आणि अखेर सरकारी खर्चाचा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ साली हे प्रमाण ६४.२ टक्के होते. घट झाली हे मान्य करावे. तरीही सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्क्यांवर होता, आणि २०१७च्या आरोग्य धोरणाने २०२५पर्यंतचे लक्ष्य अडीच टक्क्यांचे ठेवले होते. विद्यार्थ्याने शोधलेल्या रुग्णाला पाठवायचे कोठे, हा प्रश्न या दोन आकड्यांमधील अंतरात अडकून पडला आहे. शोधलेल्या रोगाला उपचार न मिळणे हे न शोधण्याहून क्रूर असते.

या परिस्थितीत पक्षाच्या कार्यकर्त्याने करावयाचे काम स्पष्ट आहे. आपल्या तालुक्यातील कोणते गाव कोणत्या महाविद्यालयाने घेतले आहे, याची त्याने माहिती काढावी. विद्यार्थ्यांनी जमवलेले निष्कर्ष, व्यक्तींची नावे वगळून, ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवले जावेत, असा आग्रह धरावा. गावातील किती स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि किती विहिरींचे पाणी पिण्यास अयोग्य आहे, ही माहिती प्राध्यापकाच्या कपाटात नव्हे, तर गावाच्या आरोग्य व पोषण समितीपुढे असली पाहिजे. विद्यार्थ्याने पाठवलेल्या रुग्णाला महाविद्यालयाच्या रुग्णालयात विनामूल्य उपचार मिळावेत. एक तुकडी उत्तीर्ण झाली की तिची कुटुंबे पुढच्या तुकडीकडे रीतसर सोपवली जावीत. आणि प्रत्येक सरकारी महाविद्यालयात कुटुंबवैद्यकाचा विभाग व्हावा. या मागण्या क्रांतिकारक नाहीत. परंतु त्या मान्य करायच्या म्हटल्या की औषधसाठा, पदभरती आणि अंदाजपत्रक हे सारे प्रश्न ओघाने पुढे येतात.

आणखी एक गोष्ट. गावात येणारा तो अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी बहुधा शहरातून आलेली असते. मजुराचे घर तिने आतून प्रथमच पाहिलेले असते. कार्यकर्त्याने तिच्याकडे संशयाने न पाहता तिच्याबरोबर चार घरे हिंडावीत. रोजगार हमीचे काम केव्हा सुरू होते, रेशनचे धान्य केव्हा येते, पाण्यासाठी बायका किती वेळ उभ्या राहतात, हे तिला दाखवावे. औषधशास्त्राचे पुस्तक तिला महाविद्यालय देईल. त्या पुस्तकातील रोग गरिबाच्या घरी आधी का येतो, हे समजावून देण्याची जबाबदारी मात्र कार्यकर्त्याचीच आहे.