इंटरनेटवरची विक्री आणि आपली पत

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी "काका, इंटरनेटवर विक्री कशी करावी यावर बोला" असं सांगितलं तेव्हा आमच्या सौ. हसल्या. त्यांचं हसणं बरोबरच होतं. आमच्या घरी थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट करतात त्या, मोबाईल सांभाळते सूनबाई आणि माझ्याकडे फक्त हिशेबाची वही. पण मी जन्मभर बँकेत काम केलं, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. त्यामुळे या धंद्यातली एक गोष्ट मला चटकन दिसली.

बँकेत माणूस समोर येऊन बसायचा. आम्ही त्याची कागदपत्रं बघायचो, दुकान बघायचो, शेजाऱ्याला विचारायचो आणि मग पैसे द्यायचो. इंटरनेटवर नेमकं उलटं होतं. इंदूरची एखादी बाई आपल्याला कधी न बघता आधी पैसे पाठवते आणि माल तिला आठ दिवसांनी मिळतो. म्हणजे आठ दिवस ती आपली सावकार आणि आपण तिचे कर्जदार. कर्ज देणारा जे प्रश्न विचारतो तेच तिच्या मनात असतात. त्यांची उत्तरं तिने विचारण्याआधी द्यायची, बाकी जाहिरात नंतर.

पहिला प्रश्न, हा माणूस कोण? २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सुरुवात केली तेव्हा आमच्या पानावर एका फुलाचं चित्र होतं. नाव नाही, गाव नाही. सूनबाईने ते काढून सौ.चा कढईसमोरचा फोटो लावला, डोंबिवलीचा पत्ता आणि फोन नंबर दिला. खाण्याचा पदार्थ घरी करून विकायचा असला तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे म्हणजे एफएसएसएआयकडे नोंदणी लागते. तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर आणि पानावरही टाका. अनोळखी माणसाला त्याचा आधार वाटतो.

दुसरा प्रश्न, नक्की काय देणार? पहिला मजकूर मी लिहिला होता. "उत्कृष्ट दर्जाची, पारंपरिक, अस्सल चवीची भाजणी माफक दरात." बँकेच्या परिपत्रकासारखा. महिन्यात एक ऑर्डर आली, तीही माझ्या मेव्हण्याची. सूनबाईने लिहिलं, "अर्धा किलो भाजणी. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने, जिरे. बुधवारी भाजून दळतो, गुरुवारी कुरियर. पंधरा दिवसांत वापरावी." खाली किंमत आणि कुरियरचा खर्च वेगळा. "किंमत विचारण्यासाठी मेसेज करा" असं लिहू नका. विचारायला लागलं की निम्मी माणसं पुढच्या पानावर जातात. फोटोही आपल्याच मालाचा, दिवसाच्या उजेडात काढलेला हवा. दुसऱ्याचा सुंदर फोटो लावला तर पाकीट उघडताना तोच आपल्याविरुद्ध साक्ष देतो.

तिसरा प्रश्न, तुमच्याबद्दल कोण सांगेल? इथे मी स्वतः चुकलो, ते कबूल करतो. पानावर एकही अभिप्राय नव्हता म्हणून मी पाच मित्रांना फोन करून पाच-पाच तारे द्यायला सांगितले. त्यातल्या एकाने लिहिलं, "लाडू फारच खुसखुशीत." आम्ही लाडू कधी केलेच नव्हते! एका गिऱ्हाइकाने खाली विचारलं, "लाडू कुठे मिळतील?" सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय टाकू नयेत, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे, हे मी नंतर वाचलं. ते पाचही अभिप्राय काढायला लावले. पुढे खऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला अभिप्राय यायला सात आठवडे लागले. "चव चांगली, मीठ घालावं लागलं," एवढाच. तो आम्ही तसाच ठेवला.

चौथा प्रश्न, काही बिघडलं तर? नागपूरच्या एका ताईंनी कळवलं की भाजणीला कुबट वास येतोय. मी लगेच लांबलचक उत्तर लिहिलं. आमच्याकडून निघाली तेव्हा उत्तम होती, कुरियरला उशीर झाला, पावसाळा आहे, वगैरे. सगळं खरं होतं. पण ज्याचं कर्ज बुडतंय त्याला कारणं ऐकायची नसतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असायला हवं होतं? सौ.नी दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट पाठवलं. त्या ताईंनी पुन्हा ऑर्डर दिली नाही. तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही दुहेरी पिशवी वापरतो, आणि खराब निघाल्यास बदलून देऊ हे पानावर आधीच लिहिलेलं आहे.

आता किमतीचं. मी अभिमानाने हिशेब मांडला होता. अर्ध्या किलोला धान्य-डाळी ४८ रुपये, गॅस १०, दळण ८, पिशवी आणि लेबल ९. एकूण ७५, विक्री ९० ला, नफा १५. सौ.नी वही बघितली आणि विचारलं, "माझं उभं राहणं कुठल्या रकान्यात धरलंय?" मला उत्तर देता आलं नाही. दहा पाकिटांचं भाजायला, दळून आणायला, भरायला चार तास लागतात. १५० रुपये भागिले चार, म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये. जन्मभर लोकांचे ताळेबंद तपासले आणि घरातल्या माणसाची मजुरी शून्य धरली. शून्य धरायची सवय फार जुनी होती, या धंद्याच्या आधीची. त्या रात्री किंमत १४० केली. काही गिऱ्हाइकं गेली, बरीच राहिली. तेव्हा भगिनींनो, इंटरनेटवर स्वस्ताईच्या शर्यतीत उतरू नका. तिथे आपल्यापेक्षा स्वस्त देणारा नेहमीच सापडतो.

शेवटची सूचना पैशांची. एकदा फोन आला, "वीस किलो भाजणी हवी, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा." दर विचारला नाही, चव विचारली नाही, तरी मला संशय आला नाही. मी पिन टाकणार इतक्यात सूनबाईने फोन हातातून ओढून घेतला. युपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

मंडळी, आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. इथे आपण एकमेकांना चेहऱ्याने ओळखतो. वाटी परत यायला चार दिवस लागले तरी कोणी हिशेब मागत नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून असा विश्वास एकदम मिळत नाही, एकेका पाकिटाने मिळवावा लागतो. ज्यांना काही विकायला सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. हिशेबाची वही घेऊन या, आणि पहिला रकाना स्वतःच्या मजुरीचा आखून आणा. मोबाईलचं काय ते सूनबाई बघेल.