नऊ कागदांचा ‘ळ’

मोठे अक्षर ही आपल्याकडे मोठ्या माणसांची मालमत्ता होऊन बसली आहे. चौकात मान वर केली की दिसतात ती वाढदिवसाच्या शुभेच्छांची, निवडीबद्दल अभिनंदनाची आणि सदनिकांच्या जाहिरातींची अक्षरे. ज्याच्याकडे फ्लेक्सचे पैसे, त्याची भिंत. मोहल्ल्यातले वाचनालय, महिला बचत गट, जिल्हा परिषदेची शाळा यांच्या वाट्याला वहीच्या पानाएवढी सूचना येते. ती दाराला चिकटवतात आणि कुणी वाचत नाही.

पण मोठे अक्षर घरीही काढता येते. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. कचेरीत, झेरॉक्सच्या दुकानात किंवा मुलाच्या टेबलावर असतो तो साधा प्रिंटर पुरतो. तो ए-फोर आकाराचा, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा कागद छापतो. या मापात एक गंमत आहे. दोन ए-फोर शेजारी ठेवले की ए-थ्री होतो, आणि सोळा जोडले की ए-झिरो, म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर कागद. लांबी-रुंदीचे प्रमाण प्रत्येक पायरीला तेच राहते. म्हणून लहान कागदावरचे चित्र मोठ्या कागदावर न बिघडता बसते. गोधडी जशी तुकड्यातुकड्यांनी वाढते, तसेच हे आहे.

मी या वाटेला गेलो तो एका अक्षरासाठी. मी मराठीत कविता लिहितो, आणि आमच्या भागातल्या उर्दू शाळेत अधूनमधून मुलांशी मराठी बोलायला जातो. उर्दू माध्यमाच्या मुलांनाही मराठी हा विषय असतो. पुढे नोकरीचा अर्ज, सातबारा, तलाठ्याचा दाखला हे सगळे मराठीतच. आणि या मुलांची वाट अडवून एक अक्षर उभे असते, ‘ळ’. उर्दूत हा उच्चारच नाही. मग शाळेची ‘शाला’ होते, वेळेची ‘वेल’ होते आणि गेलेला काळ ‘काल’ होतो. वर्गात कुणी हसले की ते मूल मराठी बोलायचेच थांबते. मला भीती वाटते ती या थांबण्याची. चुकीचा उच्चार सुधारतो. मिटलेले तोंड उघडायला फार वर्षे लागतात.

म्हणून ठरवले, हा ‘ळ’ भिंतीवर मुलांच्या उंचीचा करायचा, आणि मुलांच्याच हातून.

कृती सांगतो. आधी अक्षर एका पानावर काढून त्याची पीडीएफ करावी. असे केले की दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी अक्षर मोडत नाही. टाइप केलेले अक्षर कितीही वाढवले तरी त्याची कड गुळगुळीत राहते. मोबाइलवरच्या फोटोला मात्र वाढवताना पायऱ्या पडतात. फॉन्ट निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. संगणकात बहुधा हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. आपल्या शासनाने २००९ साली पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले आहेत. मुलांपुढे तेच ठेवावेत.

पीडीएफ अॅडोबी रीडरमध्ये उघडून छपाईची आज्ञा दिली की ‘पोस्टर’ नावाचा पर्याय दिसतो. तिथे किती टक्के वाढवायचे ते लिहायचे. इथे एक मेख आहे. प्रिंटर कागदाच्या काठापर्यंत छापत नाही, चारी बाजूंना सुमारे पाच मिलिमीटर कोरे सोडतो. शिवाय जोडणीसाठी एका कागदावरचा मजकूर दुसऱ्यावर सेंटीमीटरभर पुन्हा यावा लागतो. त्यामुळे तिप्पट हवे म्हणून ३०० टक्के लिहिले, तर नऊऐवजी सोळा कागद निघतात. २७५ टक्के ठेवावे. नऊ कागदांत काम भागते. सुमारे दोन फूट रुंद आणि पावणेतीन फूट उंच फलक तयार होतो. कापायच्या खुणा आणि कागदांचे क्रमांकही छापून घ्यावेत, नाहीतर जोडताना कोडे सोडवत बसावे लागते.

अक्षर भरीव छापले तर शाई भराभर संपते. म्हणून फक्त बाह्यरेषा छापावी आणि आत मुलांनी खडूने रंग भरावा. खर्च वाचतो आणि अक्षर मुलांचे होते. शाईच्या प्रिंटरची छपाई पाण्याने पसरते, लेझरची पसरत नाही. तेव्हा पावसाळी भिंतीसाठी लेझर बरा.

जोडताना उजव्या कागदाची डावी कड पट्टी लावून कापायची. डाव्या कागदाची उजवी कड ठेवायची, तिच्यावर खळ लावायची. आधी आडव्या तीन ओळी जोडाव्यात, मग त्या एकीखाली एक. मैद्याची खळ पातळ आणि त्याच दिवसापुरती करावी. टिकावी म्हणून बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालतात; ते विष आहे, मुलांच्या हाती नको. शब्द छापायचे असतील तर सांधा दोन शब्दांच्या मध्ये येईल असे पाहावे. उर्दूच्या नस्तालीक वळणात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, सांधा केसभर सरकला तरी खपून जातो. देवनागरीची शिरोरेषा सरळ. ती केसभर हलली तरी लगेच दिसते.

आम्ही नऊ मुलांना नऊ कागद दिले. अक्षर कोणते, ते सांगितले नाही. कोपऱ्यातला कागद मिळालेला मुलगा कुरकुरला, ‘‘चाचा, मेरे कागज पे तो कुछ हैच नहीं!’’ मी म्हटले, ‘‘कोऱ्या जागेशिवाय अक्षर दिसणार कसे, बेटा?’’ कागद जमिनीवर क्रमाने मांडले गेले आणि नऊ मुले एकदम ओरडली, ‘‘ळ!’’ उच्चार सगळ्यांचे बरोबर होते असे नाही. पण तोंडे उघडली होती.

खाली आम्ही ‘शाळा, फळा, बाळ’ हे शब्द लावले, आणि त्यांचे अर्थ उर्दूत. दोन लिप्या एका फलकावर पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू होती, तिचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती उर्दू राहू दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे सांगितले. मला यात नवे काही वाटले नाही. माझ्या घरात आई उर्दूत दुवा देते आणि मी मराठीत कविता करतो. छप्पर एकच आहे.

एक सूचना. असा फलक दुसऱ्याच्या भिंतीवर विचारल्याशिवाय लावू नये. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५चा कायदा आहे, आणि शेजारधर्म त्याहून जुना आहे. आपली शाळा, आपले वाचनालय, आपले अंगण एवढी भिंत पुरे.

तुमच्याही गल्लीत सांगण्यासारखे काही असेल: लसीकरणाची तारीख, पाण्याची वेळ, एखाद्या मुलीचा पहिला नंबर. नऊ कागद घ्या, वाटीभर खळ करा आणि चार मुले हाताशी बसवा. फलक पावसापर्यंत टिकेल. तो ज्या मुलांनी जोडला, त्यांना त्यातले अक्षर मात्र त्यानंतरही वाचता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)