सर्दी गेली, पण कान?

(अंबड, नाशिक येथे तरुण कामगार आणि विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मित्रांनो आणि बहिणींनो, नंतर कुणाला काही विचारायचं असेल तर माझ्या उजव्या बाजूला या. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. ही गोष्ट मी बरीच वर्षं लपवली. आज तिच्याबद्दलच बोलणार आहे, कारण सध्या घराघरात सर्दी-खोकला आहे आणि माझं जे झालं ते तुमच्यापैकी कुणाचं होऊ नये.

मी इथेच अंबडच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये कामाला होतो. एकदा फ्लू झाला. ताप तीन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर डावा कान बंद. मोबाईल त्या कानाला लावला तर काहीच ऐकू येईना, आत नुसती शिट्टी वाजत होती. अम्मी म्हणाली, "सर्दीने दडे बसलेत, सुटतील." शेजारच्या खालांनी लसणाचं तेल कोमट करून दिलं. सुपरवायझर म्हणाला, सर्दी सगळ्यांनाच आहे. खाडा नको म्हणून मीही गप्प बसलो. पंचविसाव्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चाचणी केली आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होता?"

अम्मीचं तसं चुकलं नव्हतं. सर्दीत कान बंद होण्याचं नेहमीचं कारण तेच असतं. कानाच्या पडद्यामागे हवेची एक पोकळी आहे आणि तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते. कसारा घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते या नळीमुळे. सर्दीत नळी सुजते, हवा आत जात नाही, पडदा आत ओढला जातो, कधी मागे पाणी साचतं. मग आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. बहुतेकांचं हे काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरं होतं. तोवर नाक जोरात शिंकरू नका आणि कानात तेल घालू नका. तेल पडद्यामागे पोचतच नाही, आणि पडदा फाटलेला असेल तर नुकसान करतं.

पण माझा पडदा ठीक होता. बिघडली होती ती आतली नस. अचानक, तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं जातं, असा हा आजार आहे. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. विषाणूंवर संशय घेतला जातो. काहींचा कान आपोआप सुधारतो, पण तो कुणाचा सुधारेल हे आधी सांगता येत नाही. डॉक्टर सहसा स्टेरॉइड देतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर उपयोगाची शक्यता जास्त असते. माझे ते दिवस तेलात आणि शिफ्टमध्ये गेले.

घरी करता येईल अशी एक खूण सांगतो. ओठ मिटून 'म्म्म' असा आवाज काढा. बंद कानात तो मोठा वाटला, तर बहुधा मळ किंवा सर्दीचा अडथळा आहे. चांगल्या कानाकडे सरकला, तर नसेचा संशय घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मात्र ही खूण म्हणजे तपासणी नव्हे. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर खूण काहीही सांगो, थांबू नका.

आता लहान मुलांचं. त्यांची ती नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी कानात लवकर उतरते. कान दुखला तर मूल रडतं आणि आपल्याला कळतं. पण पडद्यामागे नुसतं पाणी साचलं तर दुखतही नाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर वळत नाही, आणि शाळेत किंवा मकतबमध्ये 'ढ' ठरतं. मार खातं ते वेगळंच. असं पाणी तीन महिने राहिलं तर श्रवणचाचणी करायलाच हवी. मुलगी असेल तर घरचे म्हणतात, बोलू नका, स्थळं मोडतील. मग तिचा वाहणारा कान वर्षानुवर्षं वाहत राहतो.

आणि प्रत्येक नाकगळती साधी सर्दी नसते. गोवरही ताप आणि नाक गळण्यानेच सुरू होतो आणि त्यात कानाला संसर्ग होऊ शकतो. २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात गोवराची साथ आली होती. घरात लस राहिलेलं मूल असेल तर ती द्या.

रमजानमध्ये मला नेहमी एक प्रश्न येतो. कानात थेंब घातले तर रोजा तुटतो का? यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. पण आजारी माणसाने रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत कुराणातच आहे, सूरह बकराच्या १८५व्या आयतीत. तिचा आधार घ्या, औषध टाळू नका. पडदा फाटला असेल तर गुस्लच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा.

शेवटी हक्काचं. तुमच्या पगारातून ईएसआयसीचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. सातपूरचं कामगार विमा रुग्णालय त्यासाठीच आहे. आजारपणाच्या रजेत, अटी पूर्ण होत असतील, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर खाड्याच्या भीतीने मी थांबलो नसतो. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. ते कानही तपासतं. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका.

माझी मुलगी आता माझ्या उजव्या बाजूनेच चालते. तिला कुणी शिकवलं नाही, तिने पाहून ठरवलं. तुमच्या घरात कुणाला अशी बाजू बदलावी लागू नये.