पोरगी कॉलेजला गेली, आता पुढं?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



कर्जमागणीचे आणि परतफेडीचे विषय झाले. अध्यक्षताईंनी मला थोडा वेळ दिलाय, तो मी यंदा बारावी होऊन बाहेरगावी निघालेल्या आपल्या मुलींसाठी वापरणार आहे. गेले पंधरा दिवस गटांच्या बैठकांना फिरतेय, तर जवळजवळ प्रत्येक गावात एखाद्या घरी पेटी भरायचं काम चाललंय. कुणी लातूरला, कुणी सोलापूरला, एक-दोघी पुण्याला. मुलं पण चालली आहेत, पण मी मुलींबद्दल जास्त बोलणार. मुलगा एखाद्या विषयात राहिला तर पुन्हा परीक्षेला बसतो. मुलगी राहिली तर पाहुणे बघायला येतात. हे तुम्हाला मी सांगायला नको.

बारावी म्हणजे अठरा पूर्ण. कायद्याची अडचण संपली, की आत्याबाई, मामा, शेजारी सगळ्यांना स्थळं आठवायला लागतात. अशा वेळी तुम्ही भांडून, मालकांना समजावून तिचा प्रवेश घेतलात. अवघड काम तुम्ही केलंय. पण पोरी परत येतात त्या बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतच, आणि मी जवळून पाहिलेल्या मुलींमध्ये डोकं कमी म्हणून परत आलेली एकही नव्हती. कुणाला मेसचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत, कुणाला वर्गातलं कळेना आणि विचारायची लाज वाटली, कुणाला कुणीतरी त्रास दिला आणि तिनं घरी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? कारण तिला पक्कं माहीत असतं, की सांगितलं तर घरचे म्हणणार, "बास झालं शिक्षण, ये घरी." म्हणून ती गप्प बसते. त्रास वाढत जातो, ती तासाला जायची बंद होते, आणि आपल्याला कळतं तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते. म्हणून ती निघायच्या आधी एक गोष्ट तिला तोंडानं सांगा. मनात आहे म्हणून चालत नाही, बोलून दाखवा: "तू मला काहीही सांगितलंस तरी तुझं कॉलेज बंद होणार नाही." आणि हे एकट्या आईनं म्हणून भागत नाही. वडिलांच्या समोर म्हणा, जमलं तर त्यांच्याकडूनच म्हणवून घ्या. सासूबाई असतील तर त्यांनाही बसवा. तो शब्द मिळालेली मुलगी पहिल्या आठवड्यातच फोनवर खरं बोलते, आणि पहिल्या आठवड्यातली अडचण बहुतेक वेळा बारकी असते.

आता तिकडं तिच्यापुढं काय वाढून ठेवलेलं असतं ते सांगते. मी स्वतः होस्टेलवर राहून शिकलेय. मला सगळ्यात जड गेलं ते एकटीनं जेवणं. आपल्या घरी एकटं कोण जेवतं? मेसमध्ये मैत्रिणींचे घोळके बसलेले असायचे आणि मी गर्दी ओसरल्यावर, भाजी संपत आल्यावर जायचे. हसू येतंय ना? मलाही आता येतं. पण तेव्हा रोज संध्याकाळी पोटात गोळा यायचा. हे जवळजवळ प्रत्येक नव्या मुलीला होतं, अगदी शहरातल्या सुद्धा. साधारण दोन महिन्यांत सैल पडतं, तेही एखादी ओळख झाली की. म्हणून फोनवर "जेवलीस का?" विचारलंत की पुढं "कुणाबरोबर जेवलीस?" असंही विचारा. "अभ्यास कसा चाललाय?" याला सगळ्या पोरी "चांगला" म्हणतात. त्यापेक्षा विचारा, "आज कुठला तास कळला नाही?" सगळे कळले म्हणाली, तर मात्र थोडं लक्ष ठेवा.

दुसरी गोष्ट इंग्रजीची. बी.ए.ला पुष्कळ ठिकाणी मराठीत शिकवतात, पेपरही मराठीत लिहिता येतो. बी.एस्सी., नर्सिंग, इंजिनिअरिंग इंग्रजीत. अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीत झालं असलं तरी पुस्तकातली इंग्रजी वेगळी आणि सरांच्या तोंडची वेगळी. पहिले काही आठवडे निम्मं डोक्यावरून जातं. इथून पुढचं घरी जाऊन पोरीलाच वाचायला द्या.

पोरी, वर्गात न कळलेले शब्द मराठी अक्षरांत का होईना, पण वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. रोज दहाच. संध्याकाळी अर्थ बघ. पुढच्या किंवा दुसऱ्या बाकावर बस. मागच्या बाकावर ऐकू कमी येतं आणि गप्पा जास्त होतात. सगळ्यांसमोर विचारायला जीभ रेटत नसेल तर तास संपल्यावर मॅडमच्या मागं जाऊन विचार. "मला कळलं नाही" एवढं पुरत नाही, कुठपर्यंत कळलं आणि कुठं अडलं ते सांग, म्हणजे त्यांनाही समजावता येतं. लायब्ररीचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढ. सगळी पुस्तकं विकत घ्यायची घाई करू नको, वरच्या वर्गातल्या मुलींकडं जुनी मिळतात.

आणि हजेरी. शाळेत बाई घरी निरोप पाठवायच्या. कॉलेजात कुणी विचारत नाही आणि एकदम परीक्षेच्या तोंडावर यादी लागते. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी लागते. नव्या शैक्षणिक धोरणात विषयाला श्रेयांक असतात, एका श्रेयांकाला साधारण १५ तास. म्हणजे २ श्रेयांकांच्या विषयाचे तास झाले ३०. त्यातले ८ बुडाले, की हजेरी ७५ च्या खाली गेली. प्रत्येक सणाला आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस घरी राहिलीस तर ८ तास कधी गेले कळणारही नाही. शिवाय वर्षभर काही न करता शेवटी रात्री जागून पास व्हायचं, ते इथं चालत नाही. सहा महिन्यांचं सत्र असतं, आणि त्यातले काही गुण चाचण्या, प्रकल्प, प्रात्यक्षिक यांचे असतात. ते चुकले की नंतर भरून काढणं अवघड.

तायांनो, हे तुम्हाला लगेच कळेल. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक आणि नियमित बचत आधी का घातली? वर्षाची बचत मार्चमध्ये एकदम भरते म्हणणारी बाई कधी भरते का?

एखादा विषय राहिला तर घाबरून जाऊ नका. त्याला एटीकेटी म्हणतात. ठरलेल्या मर्यादेत विषय राहिले असतील तर मुलगी पुढच्या वर्गात जाते आणि तेवढाच पेपर पुन्हा देते. वर्ष वाया गेलं असं त्यातून होत नाही. किती विषयांपर्यंत सूट आहे, ते तिच्या विद्यापीठाच्या नियमात बघायचं. आणि घरात खरंच मोठं संकट आलं, शिक्षण मध्ये थांबवावंच लागलं, तरी आता मिळालेले श्रेयांक तिच्या नावानं ऑनलाइन खात्यात जमा राहतात. पुढं ठरलेल्या मुदतीत ते वापरून पुन्हा शिक्षण सुरू करता येतं. ही सोय मी मुद्दाम हळू आवाजात सांगतेय, कारण "मग आत्ताच थांबव की" म्हणणारे घरात असतात. ती अडीअडचणीसाठी आहे.

आता पैशाचं. आपल्याकडं अडचण अशी, की प्रवेश आणि पेरणी एकाच वेळी येतात. घरातला पैसा बी-खतात गेलेला, सोयाबीन हातात येणार दसऱ्याच्या पुढं, आणि होस्टेलवाला आजच डिपॉझिट मागतो. इथं कुणी सावकाराकडं जाऊ नका. हिशोब बघा. १५,००० रुपये गटातून शेकडा २ रुपयांनी घेतले तर महिन्याला ३०० रुपये व्याज. सावकाराचं शेकडा ५ धरलं तर ७५०. चार महिन्यांचे गटात १,२०० आणि बाहेर ३,०००. त्यातलं गटाचं व्याज गटातच राहतं. गटांच्या सचिवांना माझी विनंती आहे, की जून-जुलैत शिक्षणाची कर्जमागणी आली तर ती पुढच्या बैठकीवर ढकलू नका. कॉलेजची तारीख थांबत नाही.

सरकारी सवलती आहेत, पण कुठली कशासाठी ते नीट ऐका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे, केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश मिळालेल्या आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर नाही. आणि होस्टेल, मेस यात येत नाही. बरेच जण "सगळं फुकट आहे" ऐकून निघतात आणि तिथं गेल्यावर अडकतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर राहण्या-जेवण्यासाठी अनुसूचित जातीच्या मुलींना स्वाधार, अनुसूचित जमातीच्या मुलींना स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना आधार योजना आहे. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच, म्हणजे आता तिकिटाचा खर्च नव्यानं धरा. महिलांना अर्धं तिकीट आहे, रोज ये-जा करणारीनं कॉलेजचा दाखला घेऊन सवलतीचा मासिक पास काढावा.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी भरायचा असतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे तीन वर्षांचं काम झालं, असं नाही. पैसे मुलीच्या आधार जोडलेल्या खात्यावर येतात. लाडकी बहीणच्या वेळी आधार जोडणीसाठी बँकेत किती हेलपाटे मारले ते आठवतंय ना? तेच काम मुलीच्या खात्याचं आत्ताच करून घ्या. आणि पैसे उशिरा येतात हे धरूनच चाला, त्यावर मेसचं गणित बसवू नका. काही विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजना आहे, रोज एक-दोन तास लायब्ररीत, बागेत काम मिळतं. कमीपणा मानू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही वाट घालून दिली आणि तिच्यावरून कितीतरी शिकून मोठे झाले.

तिला महिन्याचे पैसे एकदम न देता पंधरवड्याला द्या, आणि गटासारखी एक छोटी वही द्या. वही तपासायला मागू नका, तिला स्वतःला कळण्यासाठी ती आहे.

एक दिवस फोन येणारच. रडत म्हणेल, "आई, मला नाही राहायचं इथं." तेव्हा "तुझ्यासाठी एवढा खर्च केला" म्हणू नका, आणि लगेच "ये बाळा" पण म्हणू नका. ऐकून घ्या. "महालक्ष्म्यांना ये, तोवर रोज रात्री फोन कर" असं म्हणा. येण्याची तारीख ठरलेली असली की दिवस ढकलता येतात. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, तासाला जात नाही, किंवा जगून काय करू असं बोलली, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी कुणीतरी निघा. १४४१६ हा टेलीमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. वरच्या वर्गातली मुलं त्रास देत असतील तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८०० १८० ५५२२. कुणी शिक्षक, कर्मचारी किंवा मुलगा वाईट वागला तर कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्याकडं लेखी द्यायचं. हे नंबर तिच्या मोबाइलमध्ये तर टाकाच, पण तुमच्या बचतीच्या पासबुकावरही लिहून ठेवा.

शेवटचं काम ग्रामसंघांसाठी आहे. पुढच्या बैठकीत आपापल्या गावातून कुठली मुलगी कुठं शिकतेय याची यादी करा. एकाच शहरात जुनी आणि नवी अशा दोघी निघाल्या तर त्यांचे फोन एकमेकींना द्या. गावातली ताई तिकडं आहे म्हटल्यावर मेसमध्ये एकटं बसावं लागत नाही. मला यादी दिलीत तर मी तालुक्याची एकत्र करते.

चहा आलाय. ज्यांच्या मुलींचे अर्ज राहिलेत त्यांनी कागदं घेऊन माझ्याजवळ या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ज्यांच्याकडं नाही त्यांनी आधी या, सेतू केंद्रातनं तो यायला दिवस लागतात.